कॉफीवरचा कर आणि दामियँची शेतीशाळा

ऑगस्ट २०१८ मध्ये हैतीतली तरुण मुलं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एक वाक्य लिहून फोटो काढून घेत होती. त्यांच्या क्रेयोल भाषेतलं वाक्य: ‘कोट कोब पेट्रोकारिबे आ?’ म्हणजे, पेट्रोकॅरिबेचा पैसा गेला कुठे?

प्रकरण थोडक्यात असं. व्हेनेझुएला हैतीला उधारीवर तेल देत होता. थोडे पैसे लगेच आणि बाकीचे अनेक वर्षांत, अगदी कमी व्याजाने फेडायचे. दरम्यान सरकारने ते तेल देशात विकायचं आणि हातात उरलेल्या रकमेतून रस्ते, दवाखाने, शेती सुधारायची. दहाएक वर्षांत ही रक्कम दोन अब्ज डॉलरच्या घरात गेली. २०१९ मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने जो अहवाल दिला, त्यात एकाच रस्त्याच्या कामाचं कंत्राट दोन कंपन्यांना दिल्याचं निघालं. त्यातली एक कंपनी केळीच्या शेतीची होती आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निवडून येण्याआधी तीच चालवत होते. त्यांनी आरोप नाकारले.

मी हैतीवर पीएचडी करते असं सांगितलं की ओळखीचे लोक बहुतेक हीच गोष्ट ऐकवतात आणि वर म्हणतात, ‘गरीब देश, नेते खाऊ, शेतकरी अडाणी. कर्ज देऊन उपयोग काय?’ मी आधी वाद घालायचे. आता विचारते, ‘तुमच्याकडे अर्धा तास आहे का?’ आज तो अर्धा तास तुमच्याकडे मागते आहे. कारण कर्ज, शेतकऱ्यांचं प्रशिक्षण आणि भ्रष्टाचार ही तिन्ही माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात एकत्र येतात, आणि ते प्रकरण आहे १९२२ ते १९३० या काळाचं. तिथे तिजोरी हैतीच्या नेत्यांच्या हातात नव्हतीच.

पण त्याआधी कर्जाचं मूळ बघावं लागेल. १८०४ मध्ये गुलामांनी उठाव करून फ्रेंचांना हाकललं आणि हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या शार्ल राजाने लढाऊ जहाजं पाठवून मागणी केली: आमच्या मळेवाल्यांचं नुकसान झालं, १५ कोटी फ्रँक भरा, मग तुम्हाला मान्यता देतो. म्हणजे सुटलेल्या गुलामांनी आपल्या मालकांना भरपाई द्यायची! राष्ट्राध्यक्ष ब्वाये यांनी मान्य केलं. पहिला हप्ता तीन कोटींचा. तेवढे पैसे नव्हते, म्हणून पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून तीन कोटींचं कर्ज काढलं. हातात आले २ कोटी ४० लाख. बाकीचे त्यांनी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये मूळ मागणी कमी होऊन एकूण ९ कोटींवर आली, पण तोवर कर्ज फेडायला कर्ज काढायची रीत पडून गेली होती.

आता भ्रष्टाचार. तो काही परक्यांनी रचलेला बहाणा नव्हता, हे स्पष्ट सांगते, नाहीतर माझ्यावर हैतीची वकिली केल्याचा आरोप यायचा (माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्या मसुद्यावर तो केलाच). १९०४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या शताब्दी वर्षात, पोर्ट-ओ-प्रिन्सला एक मोठा खटला उभा राहिला. सरकारचं जुनं, विखुरलेलं देणं एकत्र करून नवे रोखे काढण्यात आले होते, आणि त्या कामात बनावट रोखे काढून पैसे लाटल्याचं उघड झालं. शिक्षा कोणाला झाली बघा. राष्ट्रीय बँकेच्या फ्रेंच आणि जर्मन अधिकाऱ्यांना, आणि बड्या हैतियन राजकारण्यांना. त्यातले तिघे, लकाँत, ओग्यूस्त आणि व्हिल्ब्रँ गियोम साम, पुढच्या अकरा वर्षांत राष्ट्राध्यक्ष झाले. तिघंही! आणि ‘राष्ट्रीय बँक’ नाव असलेली ती बँक मुळात पॅरिसच्या भांडवलावर, पॅरिसमध्ये स्थापन झालेली होती. चोरी दोघांनी मिळून केली. नंतर जगाच्या लक्षात मात्र एकाचंच नाव राहिलं.

डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेचे नौसैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले, बँकेतून हैती सरकारचं पाच लाख डॉलरचं सोनं उचललं, ‘मेकायस’ नावाच्या युद्धनौकेवर चढवलं आणि न्यूयॉर्कला नेऊन ठेवलं. सात महिन्यांनी, जुलै १९१५ मध्ये, सामची जमावाने हत्या केली आणि त्याच दिवशी अमेरिकी सैन्य उतरलं. ते १९३४ पर्यंत तिथे राहिलं.

सप्टेंबर १९१५ च्या करारातलं पाचवं कलम मला जवळपास पाठ झालं आहे. जकातीतून जो पैसा गोळा होईल तो कोणत्या क्रमाने खर्च करायचा, हे त्यात ठरवलेलं आहे. पहिलं, जकात गोळा करणारा अमेरिकी अधिकारी, त्याचे सहायक आणि अमेरिकी आर्थिक सल्लागार यांचे पगार. दुसरं, कर्जाचं व्याज आणि मुद्दल. तिसरं, अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाताखालचं नवं पोलीस दल. आणि उरलं तर, हैती सरकारचा चालू खर्च. आपल्या घरात समजा असं ठरलं: पगार आला की आधी वसुलीच्या कारकुनाला द्यायचे, मग सावकाराला, मग दारावरच्या रखवालदाराला, आणि शिल्लक राहिलीच तर पोरांची फी. असं ते कलम आहे.

आणि ‘उरलं तर’ हे नुसतं कागदावर नव्हतं. १९२० मध्ये आर्थिक सल्लागार होते जॉन मॅकिलहेनी (टबॅस्को सॉस बनवणाऱ्या घराण्यातले, खरंच!). हैतीचे राष्ट्राध्यक्ष दार्तिगनाव काही अटींना मान्यता देईनात, तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्षांचा आणि मंत्र्यांचा पगारच अडवून ठेवला.

१९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी कंपनीमार्फत १ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज काढलं गेलं. मुदत तीस वर्षं, व्याज सहा टक्के. त्यातून मुख्यतः जुनी फ्रेंच कर्जं फेडायची होती. युद्धानंतर फ्रँक घसरला होता, त्यामुळे डॉलरमध्ये ते स्वस्त पडलं. हा मुद्दा कर्जाच्या बाजूचा आहे आणि तो खरा आहे. पण कर्ज मुदतीपर्यंत फिटत नाही तोवर तिजोरीवरचा ताबाही सुटणार नव्हता, आणि गंमत म्हणजे ही नॅशनल सिटी आणि हैतीची राष्ट्रीय बँक आता एकाच घरातल्या झाल्या होत्या. धनको, खजिनदार आणि हिशेबनीस असे तिघंही एकाच बाजूला बसलेले.

आता माझा खरा नायक, म्हणजे कॉफी पिकवणारा शेतकरी. हैतीच्या डोंगरात मोठे मळे फारसे उरले नव्हते. क्रांतीनंतर जमीन तुकड्या-तुकड्यांनी कुटुंबांकडे गेली. केळी, रताळी, कंद आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झाडं, अशी मिश्र बाग. जड काम गावकरी एकत्र येऊन, ढोल वाजवत करत; त्याला ‘कोंबिट’ म्हणतात, आपल्या सावडीचाच प्रकार. फळं अंगणात वाळवायची आणि गावच्या परवानाधारक दलालाला विकायची. दलाल बंदरातल्या व्यापाऱ्याला विकणार, आणि व्यापारी ती परदेशी पाठवताना सरकारला निर्यात कर भरणार.

कर कोणी भरला? पावतीवर नाव व्यापाऱ्याचं. पण त्याने तेवढी रक्कम कापूनच दलालाला भाव दिला, आणि दलालाने आपलं कापून शेतकऱ्याला. हैतीच्या निर्यातीत कॉफीचा वाटा सगळ्यात मोठा, बाकी सगळं मिळून तिच्या मागे. सरकारचं बहुतेक उत्पन्न जकातीतून यायचं. म्हणजे १८२५ चा हप्ता असो, १९२२ चं व्याज असो की सल्लागारांचा पगार, निघतो तो शेवटी या अंगणातल्या कॉफीतून. शेतकऱ्याला कराची पावती कधी मिळत नाही. त्यामुळे तो कोणत्याच अहवालात ‘करदाता’ म्हणून दिसत नाही. दिसतो तो फक्त ‘मागासलेला’ म्हणून.

या मागासलेल्याला शिकवण्यासाठी १९२३-२४ मध्ये एक खातं निघालं: ‘सर्व्हिस टेक्निक’, शेती आणि व्यवसाय शिक्षणाचं. प्रमुख होते डॉ. जॉर्ज फ्रीमन, पिकांच्या वाणांवर काम केलेले अमेरिकी शास्त्रज्ञ. राजधानीजवळ दामियँ इथे मध्यवर्ती शेतीशाळा. तिथे शिकून तयार झालेली मुलं खेड्यांतल्या शेतीशाळांत शिक्षक म्हणून जाणार. कल्पना वाईट नव्हती. जनावरांचे दवाखाने निघाले, सिसलसारख्या पिकांचे प्रयोग झाले.

अडचण होती ती खर्चाच्या रकान्यात. तज्ज्ञ अमेरिकेतून आणलेले. त्यांचे पगार अमेरिकी दराने, पण हैतीच्या तिजोरीतून. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फ्रेंच येत नव्हतं, क्रेयोल तर नाहीच. वर्गात इंग्रजीत व्याख्यान, शेजारी दुभाषा उभा. कल्पना करा, दुभाषा ज्या फ्रेंचमध्ये सांगायचा ती भाषाही डोंगरातल्या शेतकऱ्याची नव्हे! आणि दुसरीकडे शिक्षण खात्याच्या साध्या खेडेगावच्या शाळांना, जिथे शेतकऱ्यांची मुलं खरोखर जायची, त्या मानाने चिल्लर. हे मी पदरचं सांगत नाही. १९३० मध्ये टस्कीगीचे रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या शिक्षण आयोगाने हा असमतोल दाखवून दिला. त्याआधी १९२६ मध्ये एमिली बाल्च (पुढे शांततेचं नोबेल मिळालं त्या) काही सहकाऱ्यांसह हैतीला जाऊन आल्या होत्या. त्यांच्या पुस्तकातही परक्यांनी चालवलेल्या या कारभारावर कडक टीका आहे.

मला सर्वांत जास्त वेळ कशाने खाल्ला असेल, तर आर्थिक सल्लागारांच्या वार्षिक अहवालांनी. अतिशय सुबक तक्ते. पै न पै जुळते. कोणी पैसे खाल्ले असं दाखवायला गेलात तर हाती काही लागणार नाही, मी महिनाभर प्रयत्न केला. आणि इथेच माझं म्हणणं आहे. हिशेब स्वच्छ होता, पण तो दाखवायचा कोणाला? सल्लागार वॉशिंग्टनला उत्तर देत होते. निवडून आलेली संसद तर १९१७ मध्येच बरखास्त झालेली, आणि राष्ट्राध्यक्ष बोर्नो एका नेमलेल्या मंडळाने निवडलेले. शेतीशाळेवर इतका खर्च का, आणि एवढ्या पैशात गावच्या शाळा का नाहीत, हे विचारायचा अधिकार असलेला एकही हैतियन माणूस त्या व्यवस्थेत नव्हता. ‘हैतियन नेते चोर आहेत’ हे कारण देऊन हे सगळं उभं केलं होतं. चोर होतेच. पण चोराच्या हातून किल्ल्या काढून घेणं आणि घरमालकाच्या हातात त्या देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे दुसरी कधी झालीच नाही.

उलट या सुबक कारभारात कर्ज मुदतीच्या आधीच फेडण्यावर भर होता. शिल्लक पडली की शाळा-रस्त्यांऐवजी रोख्यांकडे. पॉल डग्लस या अर्थतज्ज्ञाने (हे पुढे अमेरिकेत सिनेटर झाले) या धोरणावर तेव्हाच बोट ठेवलं होतं.

मग आला १९२९ चा हिवाळा. दामियँच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळायची. फ्रीमन यांनी त्यातली काही रक्कम काढून, शाळेच्या शेतावर प्रत्यक्ष राबणाऱ्यांना द्यायचं ठरवलं. ३१ ऑक्टोबरला विद्यार्थी संपावर गेले. इथे एक प्रामाणिक कबुली: ही मुलं काही शेतकऱ्यांची नव्हती. शहरातल्या सुस्थित घरांतली, शेतात कुदळ धरणं कमीपणाचं मानणारी. फ्रीमन यांचा निर्णय एकटा काढून बघितला तर मला तो पटतो सुद्धा. पण एकटा काढून बघता येत नाही. जो खर्च वाचवायचा तो विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीतून, तज्ज्ञांच्या पगारातून नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

संप वैद्यकीय आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांत पसरला, मग शाळांत. डिसेंबरच्या सुरुवातीला राजधानीच्या जकात कार्यालयातले हैतियन कर्मचारी बाहेर पडले. हा वर्मी घाव होता, कारण पाचव्या कलमातला सगळा पैसा त्याच इमारतीतून यायचा. लष्करी कायदा लागू झाला.

आणि तोवर खेड्यांनाही वाट मिळाली होती. त्या मोसमात कॉफीची स्थिती वाईट होती. शिवाय वर्षभरापूर्वी दारू आणि तंबाखूवर नवे कर बसले होते. दक्षिणेतल्या ले काय शहराच्या आसपास उसाची शेती आणि छोट्या छोट्या भट्ट्या होत्या, त्यांना ते जड गेले. लोकांवर वचक बसावा म्हणून अमेरिकी विमानांनी ले कायच्या बंदरात पाण्यात बाँब टाकून दाखवले. परिणाम उलटा झाला. ६ डिसेंबर १९२९ ला मार्शातेर या ठिकाणी दीडेक हजार शेतकरी शहराकडे निघाले. हातात दगड, काठ्या, कोयते. समोर वीसेक नौसैनिक, मशीनगनसह. गोळीबार झाला. अधिकृत आकडा बारा मृत, तेवीस जखमी. हैतीत सांगितला जाणारा आकडा याहून मोठा आहे.

मार्शातेरला मेलेल्यांपैकी कोणी दामियँची शाळा पाहिली असेल असं मला वाटत नाही. तिच्यासाठी पैसे मात्र दिले होते.

यानंतर गोष्टी भराभर घडल्या. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी कॅमरॉन फोर्ब्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग पाठवला, १९३० मध्ये निवडणुका झाल्या, बोर्नो गेले. १९३१ मध्ये ‘सर्व्हिस टेक्निक’ हैतियन हातांत आली आणि ऑगस्ट १९३४ मध्ये सैन्य परत गेलं. दामियँला पुढेही शेतकी महाविद्यालय होतं, शेती मंत्रालयही तिथेच. १९२२ चं कर्ज मात्र सैन्याबरोबर गेलं नाही. ते १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष एस्तिमे यांच्या सरकारने देशातल्या देशात कर्जरोखे काढून एकदाचं फेडलं, आणि तेव्हा कुठे परकी आर्थिक देखरेख संपली. सैन्य जाऊन तेरा वर्षं झाली होती.

हे सगळं वाचून ‘मग २०१८ चा प्रश्न चुकीचा होता का’ असं विचाराल. मुळीच नाही. मला तो प्रश्न इतका आवडतो, कारण पहिल्यांदाच तो लाखो हैतियन लोकांनी, आपल्या भाषेत, आपल्याच सरकारला विचारला आणि दोन अब्ज डॉलरचा हिशेब आपल्याच देशाच्या लेखापरीक्षकांकडून मागितला. १८२५ ला, १९०४ ला, १९२२ ला हिशेब कोणी ना कोणी तपासत होतंच. फक्त तपासणारा आणि भरणारा हे कधी एक नव्हते.

पुढच्या वेळी १९४१ बद्दल लिहिते. तेव्हा अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेकडून ५० लाख डॉलरचं कर्ज घेऊन ‘शादा’ नावाची शेती विकास कंपनी निघाली. युद्धासाठी रबर हवं होतं, म्हणून तिने शेतकऱ्यांची घरं आणि फळझाडं काढून तिथे रबर देणारी एक वेल लावली. १९४४ मध्ये काम गुंडाळलं; रबर नावापुरतं निघालं. आंब्याचं झाड तोडल्याची भरपाई कशी ठरवली, याचे काही कागद मला अलीकडेच वाचायला मिळाले आहेत. ते नीट लावून झाले की लिहीनच.